जेराल्डचा मुलगा: फिट्झजेराल्ड हे आडनाव कसं घडलं

पुण्यात येरवड्याकडे जाताना मुळा-मुठेवर दगडी कमानींचा एक जुना पूल लागतो. बोलताना सगळे त्याला बंडगार्डनचा जुना पूल म्हणतात, पण कागदोपत्री तो फिट्झगेराल्ड पूल. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट आहे ना, त्याचंही साहेबाच्या काळातलं नाव फिट्झगेराल्ड घाट. दोन्हीकडे माणूस एकच: १८६७ ते १८७२ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असलेला सर सीमूर फिट्झजेराल्ड. गव्हर्नर आले आणि गेले, त्यांच्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही. मला ओढ आहे ती त्याच्या आडनावाची. हे आडनाव उलगडायला घेतलं की नॉर्मन, वेल्श आणि आयरिश असा नऊशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो. आणि त्याच्या मुळाशी एक बाई सापडते, जिचा त्या आडनावात मागमूसही नाही.

आधी शब्द समजून घेऊ. ‘फिट्झ’ म्हणजे मुलगा. लॅटिनमध्ये मुलाला ‘फिलिउस’ म्हणतात. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘फित्स’ झालं. आजच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द ‘फीस’ असा उच्चारतात. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्याच्या सरदारांबरोबर ही फ्रेंच बोली समुद्र ओलांडून आली आणि ‘फित्स’ इंग्रजी लेखणीखाली ‘फिट्झ’ झाला. ‘जेराल्ड’ हे नाव त्याहून जुनं, जर्मानिक वळणाचं. ‘गेर’ म्हणजे भाला आणि ‘वाल्ड’ म्हणजे सत्ता. तेव्हा फिट्झजेराल्ड म्हणजे फक्त ‘जेराल्डचा मुलगा’.

आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘मालोजी बिन बाबाजी’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘बिन’ आणि हा ‘फिट्झ’ एकाच कामाचे. बाप कोण ते सांगितलं की काम झालं. पुढच्या पिढीत बापाचं नाव बदललं की ‘बिन’च्या पुढचं नावही बदलणार. अकराव्या-बाराव्या शतकातल्या नॉर्मनांचं हेच होतं. त्यातही गंमत अशी की त्या काळच्या दप्तरात ‘फिट्झ’ क्वचितच दिसतो. कारकून लॅटिनमध्ये लिहायचे, म्हणून कागदावर ‘मॉरिशियस फिलिउस गेराल्डी’ आणि घरात, रणांगणात, बोलण्यात ‘मॉरिस फित्स जेराल्ड’.

मग प्रश्न असा की जो शब्द एका पिढीपुरता खरा, तो सातशे वर्षांनी मुंबईच्या गव्हर्नराच्या नावात कसा? हे समजायला पहिल्या जेराल्डपर्यंत मागे जावं लागतं.

विल्यम राजानं १०८६ मध्ये सगळ्या इंग्लंडची जमीनमोजणी करून घेतली. तिच्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. त्यात वॉल्टर नावाच्या एका जमीनदाराची नोंद आहे: वॉल्टर फिट्झ ओथर, म्हणजे ओथरचा मुलगा वॉल्टर. हा विंडसरच्या किल्ल्याचा किल्लेदार होता. बर्कशर, सरे, हॅम्पशर अशा भागांत त्याची वतनं होती. ओथरच्या मागे मात्र कागद जात नाहीत, घराण्याचा लिखित इतिहास तिथेच सुरू होतो.

या वॉल्टरच्या मुलांकडे पाहिलं की आडनाव ही गोष्ट तेव्हा किती पातळ होती ते कळतं. थोरला विल्यम बापाच्या जागी किल्लेदार झाला आणि त्याच्या वंशजांनी ‘विंडसर’ हे गावाचं नाव लावलं. (आजच्या इंग्लंडच्या राजघराण्याचा याच्याशी संबंध नाही. त्यांनी ‘विंडसर’ हे नाव १९१७ मध्ये किल्ल्यावरून घेतलं.) धाकट्या मुलांना वतन मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरीकडे चाकरी धरली. त्यांतलाच एक जेराल्ड. त्याला स्वतःला कोणी फिट्झजेराल्ड म्हणणं शक्यच नव्हतं. कागदांत तो ‘विंडसरचा जेराल्ड’ आहे. सख्ख्या भावांपैकी एकाचा वंश विंडसर आणि दुसऱ्याचा फिट्झजेराल्ड, आणि दोघांचा आजा ओथर.

जेराल्डनं अर्नुल्फ द मॉंटगोमेरी या बड्या सरदाराची चाकरी पत्करली आणि वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोक इथे किल्लेदार म्हणून गेला. किल्ला म्हणजे डोळ्यांसमोर दगडी बुरूज आणू नका. तेव्हाचा पेम्ब्रोक लाकडी मेढी आणि मातीच्या ढेकळांचा होता. १०९६ मध्ये वेल्श फौजेनं त्याला वेढा घातला. आत दाणागोटा संपत आला. काही शिलेदार रात्रीच्या अंधारात होडीतून पळायला निघाले, तर जेराल्डनं त्यांची वतनं त्यांच्याच शिपायांना देऊन टाकली आणि तिथल्या तिथे त्यांना शिलेदार केलं. शेवटी किल्ल्यात फक्त चार डुकरं उरली. जेराल्डनं ती चारही कापायला लावली आणि त्यांचे तुकडे तटावरून वेढा घालणाऱ्यांच्या अंगावर फेकले, जणू आत मांस ओसंडून वाहतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या मोहरेचं एक पत्र मुद्दाम जवळच राहणाऱ्या बिशपच्या घरासमोर ‘चुकून पडलं’ असं पाडून ठेवलं. मजकूर असा, की अजून चार महिने कुमक पाठवायची गरज नाही. पत्र वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत वाचलं गेलं आणि ते उठून घरोघरी निघून गेले.

ही हकिगत आपल्याला सांगतो तो जेराल्डचाच नातू, लेखक जेराल्ड ऑफ वेल्स. घरातला माणूस घरातल्या आजोबांबद्दल सांगतोय, त्यामुळे थोडं मीठमसाला असणार हे धरून चाला. पण चार डुकरांचा तपशील मला खरा वाटतो. वेढ्यात सापडलेल्या माणसाला उरलेली जनावरं मोजायची सवय लागते आणि असा आकडा घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

वेढ्यातून वाचलेल्या जेराल्डनं मग लग्न केलं ते नेस्टशी. इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते या आडनावाची खरी गोष्ट इथे सुरू होते.

नेस्ट ही दक्षिण वेल्समधल्या देहायबार्थ राज्याचा राजा रीस अप टेउदुर याची मुलगी. वेल्श भाषेत ‘अप’ म्हणजे मुलगा आणि ‘वेर्ख’ म्हणजे मुलगी. तेव्हा तिचं पूर्ण नाव नेस्ट वेर्ख रीस. तिचा बाप १०९३ मध्ये नॉर्मनांशी लढताना मारला गेला आणि राज्य बुडालं. पुढे इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजापासून तिला एक मुलगा झाला. लग्न मात्र झालं जेराल्डशी. यात हिशेब उघड होता: जिंकलेल्या मुलखातल्या राजघराण्याची मुलगी घरात आली की परक्या किल्लेदाराचे पाय त्या मातीत रुजतात. कॅर्यू इथली जागा याच लग्नातून जेराल्डकडे आली असं मानतात. तिथल्या किल्ल्याचे अवशेष आजही खाडीकाठी उभे आहेत. जेराल्डच्या थोरल्या मुलाच्या वंशजांनी पुढे ‘कॅर्यू’ हेच आडनाव लावलं. म्हणजे जेराल्डच्या पोटीही एका शाखेनं ‘फिट्झ’ टाकून गावाचं नाव धरलं.

१०९३ नंतर वेल्समध्ये शांतता अशी नव्हतीच. ११०९ च्या नाताळात ओवाइन अप काडूगन या तरुण वेल्श राजपुत्रानं एका मेजवानीत नेस्टच्या रूपाची वाखाणणी ऐकली आणि थोड्या साथीदारांसह रात्री जेराल्डच्या किल्ल्यात शिरून आग लावली. दारात हत्यारबंद माणसं उभी. जेराल्ड दाराकडे धावणार, तेवढ्यात नेस्टनं त्याला अडवलं आणि शौचकूपाच्या भोकातून खाली उतरवून पळवून लावलं. तो सुटल्याची खात्री झाल्यावर तिनं आतून ओरडून सांगितलं, की ज्याला शोधताय तो इथे नाही. ओवाइननं तिला आणि मुलांना उचलून नेलं. पुढे तिनं ओवाइनला सांगितलं, मी तुझ्याजवळ राहावं असं वाटत असेल तर मुलांना बापाकडे परत पाठव. त्यानं पाठवली. हे सगळं वेल्श बखरीत लिहिलेलं आहे. जेराल्डनं १११६ मध्ये ओवाइनला गाठून मारलं.

विचार करा, त्या रात्री मुलं आगीत गेली असती किंवा परत आली नसती, तर फिट्झजेराल्ड हा शब्द आज कोणाला माहीत नसता. ‘जेराल्डचे मुलगे’ वाचले ते नेस्टच्या त्या एका मागणीमुळे.

जेराल्डपासून नेस्टला विल्यम, मॉरिस, डेव्हिड हे मुलगे आणि अंगहराड ही मुलगी झाली. जेराल्डच्या मृत्यूनंतर कार्डिगनचा किल्लेदार स्टीफन याच्यापासून तिला रॉबर्ट झाला. आता या भावांची नावं एका ओळीत ठेवून बघा. राजाचा मुलगा हेन्री फिट्झहेन्री. किल्लेदाराचे मुलगे विल्यम, मॉरिस आणि डेव्हिड फिट्झजेराल्ड. दुसऱ्या किल्लेदाराचा मुलगा रॉबर्ट फिट्झस्टीफन. आई एक, ‘फिट्झ’ तीन. आडनावांवरून हे तीन परके लोक वाटतील, पण एकाच आईच्या मांडीवर वाढलेली ही भावंडं होती. पुढे आयर्लंडात जे झालं ते या भावंडांनी एकमेकांना धरून केलं, आणि त्यांना धरून ठेवणारा दुवा बापाकडचा नव्हताच.

११६६ मध्ये आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांताचा राजा डियरमुड मॅक मुरखडा याला गादीवरून हाकललं गेलं. तो मदत मागत इंग्लंड आणि वेल्सकडे आला. त्या वेळी रॉबर्ट फिट्झस्टीफन कैदेत होता. कैदेत टाकणारा होता वेल्श राजा रीस, नेस्टचा भाचा, म्हणजे रॉबर्टचा मामेभाऊ. मॉरिस फिट्झजेराल्ड आणि तोवर सेंट डेव्हिड्सचा बिशप झालेला डेव्हिड यांनी रदबदली केली आणि रॉबर्ट सुटला, अट एवढीच की आयर्लंडला जायचं. डियरमुडनं दोघा भावांना वेक्सफर्ड शहर आणि आसपासचा मुलूख कबूल केला.

मे ११६९ मध्ये रॉबर्ट तीन जहाजांतून बॅनो खाडीत उतरला. बरोबर ३० शिलेदार, बहुतेक सगे आणि गोतातलेच, ६० चिलखती शिपाई आणि सुमारे ३०० तिरंदाज. मागून मॉरिस दोन जहाजं घेऊन आला. पुढच्या वर्षी त्यांचा पुतण्या रेमंड आला, आणि मग ज्याचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं तो रिचर्ड द क्लेअर, ‘स्ट्रॉंगबो’. ११७१ मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री फौजेसह आला, कारण आपलेच सरदार समुद्रापलीकडे स्वतंत्र राजे होऊन बसतील ही धास्ती त्याला होती.

हे लोक ना धड इंग्रज होते ना वेल्श. घरात फ्रेंच, आजोळी वेल्श, चाकरी इंग्लंडच्या राजाची. डब्लिनच्या वेढ्यात मॉरिसनं केलेलं भाषण त्याच्या भाच्यानं लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा, की आपल्याच लोकांकडून मदतीची आशा कसली धरता, आयरिशांना आपण इंग्रज आणि इंग्रजांना आपण आयरिश. आयर्लंडात येऊन अवघी दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. या घराण्याचा पुढचा चारशे वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात आहे.

मॉरिस ११७६ मध्ये वारला. आता नावांकडे परत येऊ. मॉरिस फिट्झजेराल्डच्या मुलाचं नाव काय? आपल्याला वाटेल, अमुक फिट्झजेराल्ड. पण नाही. तो जेराल्ड फिट्झमॉरिस, म्हणजे मॉरिसचा मुलगा जेराल्ड. त्याचा मुलगा पुन्हा मॉरिस फिट्झजेराल्ड. पुढे जॉन फिट्झथॉमस, थॉमस फिट्झजॉन असं चालूच राहतं. म्हणजे तेराव्या आणि चौदाव्या शतकातही ‘फिट्झ’ जिवंत होता, दर पिढीला खरा बाप सांगत होता. ज्या माणसाला १३१६ मध्ये किल्डेअरचा पहिला अर्ल केलं, तो त्याच्या हयातीत जॉन फिट्झथॉमस होता. १३२९ मध्ये डेस्मंडचा पहिला अर्ल झालेला मॉरिस हाही फिट्झथॉमसच. आज पुस्तकं त्यांना सरसकट ‘फिट्झजेराल्ड’ म्हणतात, ती सोय म्हणून मागाहून चिकटवलेली पाटी आहे.

मग नाव गोठलं कसं? एका दिवशी नाही, आणि कोणा एकाच्या ठरावानंही नाही. किताब आणि जमीन बापाकडून थोरल्या मुलाकडे जाऊ लागली, तसं या साऱ्या मिळकतीचा मूळ पुरुष कोण हे सांगणं बापाचं नाव सांगण्यापेक्षा जास्त उपयोगाचं झालं. खटल्यात, वारसाहक्कात, सोयरिकीत ‘मी थॉमसचा मुलगा’ यानं काम भागेना, ‘मी जेराल्डच्या कुळीचा’ हे सांगावं लागे. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ‘जेराल्डचा मुलगा’ याचा अर्थ ‘जेराल्डच्या कुळीतला’ असा झाला आणि मग बाप कोणी का असेना, आडनाव फिट्झजेराल्ड. अशाच गोठण्यातून ऍलन नावाच्या सरदाराच्या एका मुलाचे वंशज फिट्झऍलन राहिले. दुसरा मुलगा वॉल्टर स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी, म्हणजे ‘स्ट्यूअर्ड’ झाला. त्याच्या वंशजांनी हुद्द्याचंच आडनाव केलं, आणि ते स्ट्यूअर्ट पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंडचे राजे झाले.

एक गोष्ट मला विशेष वाटते. नॉर्मंडीत आणि इंग्लंडात बहुतेक ‘फिट्झ’ विरून गेले, गावांची नावं वरचढ ठरली. आयर्लंडात ते टिकले. माझ्या मते याचं कारण शेजार. वेल्शमध्ये ‘अप’, आयरिशमध्ये ‘मॅक’, दोन्हींचा अर्थ मुलगा. आयरिश माणसाला ‘फिट्झ’ समजावून सांगायची गरजच पडली नाही. त्यानं फिट्झजेराल्डचं सरळ ‘मॅक ग्यारल्ट’ करून टाकलं. या आयरिश रूपात ‘ज’ नाही, ‘ग’ आहे. इंग्रजीत उच्चार ‘जेराल्ड’ असला तरी पुणेकरांच्या तोंडी बसलेला ‘गेराल्ड’ आयरिश उच्चाराच्या जवळ जातो, हे बघून मला फार बरं वाटलं.

ही सरमिसळ इंग्लंडच्या सरकारला खुपत होती. १३६६ मध्ये किल्केनीला कायदे झाले: आयर्लंडातल्या इंग्रजांनी इंग्रजीच बोलावं, इंग्रजी नावंच लावावीत, आयरिशांशी सोयरीक करू नये, मुलं त्यांच्याकडे वाढायला ठेवू नयेत. आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडचा कारभार कोणाच्या हाती दिला? डेस्मंडचा अर्ल जेराल्ड याच्या. हा माणूस आयरिश भाषेत कविता रचायचा. लोक त्याला ‘गॅरोड इयर्ला’ म्हणत, म्हणजे अर्ल जेराल्ड. थोमंडच्या ओब्रायन या आयरिश घराण्यानं त्याला १३७० मध्ये पकडलं, आणि नंतर त्यानं राजाची परवानगी काढून आपला मुलगा त्याच ओब्रायनांकडे वाढायला ठेवला. लिमरिकजवळच्या लॉख गुर तळ्याकाठी आजही सांगतात, की तो मेलेला नाही. तो तळ्याखाली झोपलाय आणि दर सात वर्षांनी चांदीच्या नालांच्या घोड्यावर बसून पाण्यावरून दौडतो. नाल झिजून संपतील त्या दिवशी तो परत येईल. परक्या किल्लेदाराच्या वंशजाला लोकांनी आपल्या दंतकथेत जागा दिली, यापेक्षा मोठी रुजवण कोणती?

नावावरून कायदे होतच राहिले. १४६५ मध्ये फर्मान निघालं, की डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलात राहणाऱ्या आयरिशांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत: एखाद्या गावाचं, नाहीतर ‘व्हाइट’, ‘ब्राउन’ असं रंगाचं, नाहीतर ‘स्मिथ’, ‘कुक’ असं धंद्याचं. १४९४-९५ च्या पार्लमेंटनं तर घराण्यांच्या रणघोषणांवर बंदी आणली. किल्डेअरच्या फिट्झजेराल्डांची घोषणा होती ‘क्रोम अबू’, म्हणजे क्रोम किल्ल्याचा विजय असो. घोषणा बंद झाली नाही. पुढे घराण्याच्या मानचिन्हावर तीच ब्रीद म्हणून राहिली.

त्यांचे हाडवैरी होते बटलर. या वैराची एक खूण डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये ठेवलेली आहे: मधोमध आयताकृती भोक पाडलेलं जुनं लाकडी दार. १४९२ मध्ये बटलरांचा एक पुढारी आतल्या दालनात दार लावून बसला होता आणि बाहेर किल्डेअरचा अर्ल. बाहेरून अभय दिलं तरी आतल्याचा विश्वास बसेना. तेव्हा दाराला भोक पाडण्यात आलं आणि अर्लनं आपला हात खांद्यापर्यंत आत घातला. आतल्यानं तलवार चालवली असती तर हात गेलाच होता. त्यानं तो हातात घेतला आणि समेट झाला.

ऱ्हास मात्र भराभर झाला. १५३४ मध्ये किल्डेअरचा तरुण वारस थॉमस यानं आठव्या हेन्रीविरुद्ध बंड केलं. त्याच्या लोकांच्या शिरस्त्राणांवर रेशमी झालर असे, म्हणून तो ‘सिल्कन थॉमस’. १५३७ च्या फेब्रुवारीत त्याला आणि त्याच्या पाच काकांना लंडनमध्ये टायबर्नला एकाच दिवशी ठार केलं. एक लहान सावत्र भाऊ तेवढा सुटला. नातेवाइकांनी त्याला लपवत छपवत युरोपात पोचवला आणि त्याच्यामुळे ती शाखा जगली. डेस्मंड शाखा तेवढी भाग्यवान नव्हती. दोन बंडांनंतर १५८३ मध्ये शेवटचा बंडखोर अर्ल ट्रालीजवळच्या रानात मारला गेला आणि मन्स्टरमधल्या त्याच्या अफाट जमिनी इंग्लंडहून आणलेल्या लोकांना वाटल्या गेल्या. किल्डेअर शाखा पुढे ‘ड्यूक ऑफ लेन्स्टर’ झाली. डब्लिनमध्ये तिनं बांधलेला वाडा म्हणजे लेन्स्टर हाउस. आज तिथे आयर्लंडची संसद भरते.

आता दोन गैरसमज, कारण या नावाबद्दल वाचताना ते हमखास भेटतात.

पहिला, की हे घराणं मूळचं इटलीतल्या फ्लॉरेन्सचं, तिथल्या घेरार्दिनी कुळातलं. हा दावा पंधराव्या शतकापासून चालत आला आहे, आणि घराण्यातल्या अर्लांनी घेरार्दिनींशी पत्रव्यवहारही केला. ऐकायला छान आहे, पण नावाचं व्याकरणच त्याला उभं राहू देत नाही. घेरार्दो हे ‘गेर’ आणि ‘हार्ड’ यांपासून झालेलं, म्हणजे ते जेरार्ड. आपला आहे तो जेराल्ड. नावं दोन, शेजारशेजारची. आणि त्याहून मोठं कारण: हे कुटुंब ‘जेराल्डचं’ झालं ते पेम्ब्रोकच्या किल्लेदारामुळे. त्याचा बाप वॉल्टर, आजा ओथर. जे नाव अकराशेच्या आसपास वेल्समध्ये जन्मलं, ते त्याच्या पूर्वजांनी इटलीहून आणलेलं कसं असेल?

दुसरा गैरसमज, की ‘फिट्झ’ म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा. मुळात तसं काही नव्हतं. वॉल्टर फिट्झ ओथर हा रीतसर वारस होता, त्याच्या नावातला ‘फिट्झ’ फक्त बाप सांगतो. पण पुढे राजांनी आपल्या लग्नाबाहेरच्या मुलांसाठी हा जुना शब्द मुद्दाम वर काढला. आठव्या हेन्रीच्या अशा मुलाचं नाव हेन्री फिट्झरॉय, ‘राजाचा मुलगा’. ही रीत महाराष्ट्राच्या मातीपर्यंत पोचलेली आहे. चौथा विल्यम राजा होण्याआधी ड्यूक ऑफ क्लॅरेन्स होता. डोरोथिया जॉर्डन या नटीपासून झालेल्या त्याच्या मुलांना फिट्झक्लॅरेन्स हे आडनाव मिळालं. त्यांतला लॉर्ड फ्रेडरिक मुंबई फौजेचा सरसेनापती होऊन आला आणि १८५४ च्या ऑक्टोबरात पुरंदरावर वारला. पुरंदरचा फिट्झक्लॅरेन्स आणि बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड यांच्या नावांतला ‘फिट्झ’ दिसायला एकच, पण फिट्झजेराल्डमधला बाराव्या शतकात आपसूक घडलेला आणि फिट्झक्लॅरेन्समधला एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर ठरवून लावलेला.

आणि प्रत्येक ‘फिट्झ’ नॉर्मनही नसतो. फिट्झपॅट्रिक हे आडनाव घ्या. ते अस्सल आयरिश मॅक गिला फाद्रिग घराणं. १५४१ मध्ये त्यांच्या प्रमुखानं इंग्लंडच्या राजाशी जुळवून घेऊन किताब घेतला आणि ‘मॅक’च्या जागी ‘फिट्झ’ बसवला. फिट्झजेराल्ड ‘मॅक’ झाले, मॅक गिला फाद्रिग ‘फिट्झ’ झाले.

शेवटी जी गोष्ट मला सारखी टोचते ती. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन फिट्झजेराल्ड केनेडी यांच्या नावातला मधला शब्द त्यांच्या आईकडून आला. त्या रोझ फिट्झजेराल्ड. शब्दशः घेतलं तर ‘जेराल्डचा मुलगा रोझ’. इंग्रजीत आडनाव इतकं दगडासारखं घट्ट झालं की बाईच्या नावातही ‘मुलगा’ तसाच राहिला. आयरिश भाषेनं तसं होऊ दिलं नाही. केरीतल्या डिंगल द्वीपकल्पात, जिथे आजही आयरिश बोलतात, भाऊ ‘मॅक ग्यारल्ट’ असतो आणि त्याची बहीण ‘निक ग्यारल्ट’. ‘निक’ म्हणजे लेक. किताब मात्र त्या भाषेसारखे उदार नव्हते. लिमरिकच्या ग्लिन गावी या घराण्याची एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या ‘नाइट ऑफ ग्लिन’ म्हणून नांदत होती. एकोणतिसावे नाइट २०११ मध्ये वारले. मागे तीन मुली होत्या, पण किताब फक्त मुलग्याकडे जाणारा, म्हणून तो तिथेच संपला.

चार डुकरं, तीन जहाजं, डब्लिनच्या वेढ्यातलं भाषण हे सगळं ज्यानं लिहून ठेवलं, त्या जेराल्ड ऑफ वेल्सची आई अंगहराड, नेस्टची लेक. तो जन्मला मॅनोर्बिअरच्या किल्ल्यात, बाप द बॅरी घराण्यातला, म्हणून त्याचं आडनाव द बॅरी. म्हणजे तो दोहित्र. आयर्लंडच्या स्वारीवर त्यानं लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि त्यात शत्रूच्या गडांत घुसणारे कोण, मुलूख राखणारे कोण असे प्रश्न विचारत दर प्रश्नाला एकच उत्तर दिलं: जेराल्डाइन. त्या शब्दात त्यानं फिट्झजेराल्ड धरले, फिट्झस्टीफन धरला, फिट्झहेन्री धरले आणि आपले बॅरी भाऊही धरले. यांतल्या निम्म्यांच्या अंगात जेराल्डचं रक्त नव्हतं. नेस्टचं सगळ्यांच्या अंगात होतं.